रिपोर्टातली एक ओळ आणि नानांची बिडी

प्रश्न : नाशिकरोडच्या एका वाचक ताईंचं सात पानी पत्र आलं आहे. त्या ३४ वर्षांच्या आहेत आणि एका खाजगी लॅबमध्ये काम करतात. रक्त घेणं, शुगर-थायरॉइडच्या तपासण्या लावणं, रिपोर्ट छापून देणं हे त्यांचं काम. सासऱ्यांना घरात सगळे नाना म्हणतात. नानांचं वय ६७, निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग, चाळीस वर्षांची बिडी. गेल्या वर्षभरात तीनदा लघवीतून रक्त गेलं, पण दुखत काही नव्हतं. पहिल्यांदा ‘उष्णता’ म्हणून सब्जा पाजला, दुसऱ्यांदा ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा सोनोग्राफी झाली आणि मूत्राशयात गाठ दिसली. ती दुर्बिणीतून खरवडून काढली.

रिपोर्ट असा : हाय-ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा (मूत्राशयाच्या अस्तराचा आक्रमक कॅन्सर), स्नायूच्या थरात शिरलेला, काही भाग ‘प्लाझ्मासायटॉइड’ प्रकारचा. त्या भागात ई-कॅडहेरिन हे प्रथिन ‘गेलेलं’. पेशी कुठल्या हे ओळखायच्या खुणांपैकी गाटा-३ पॉझिटिव्ह, सीके ५/६ निगेटिव्ह. सीटी स्कॅनमध्ये लांब कुठे पसरल्याचं दिसत नाही. डॉक्टरांनी आधी केमोच्या फेऱ्या आणि मग मूत्राशय काढण्याचं ऑपरेशन सुचवलं आहे. केमोची तारीखही दिली आहे.

पुण्याचे धाकटे दीर इंटरनेटवर वाचून म्हणतात, ‘ई-कॅडहेरिन म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणारा गोंद. तोच गेलाय म्हणजे कॅन्सर पसरलाच. आता कापाकापी केली तर आणखी विखुरेल. त्यापेक्षा तीन आठवडे थांबू, जीनची टेस्ट करून गाठ लुमिनल गटातली की बेसल ते बघू. आणि हे जीन आनुवंशिक असतं, आपल्या पोरांचंही बघायला हवं.’ सासूबाईंना वाटतं, बागेतल्या फवारण्यांनी झालं, आणि नानांना काही सांगायचं नाही. उरलेलं घर ताईंकडे बघतं, ‘तू लॅबमध्ये आहेस ना, मग तूच सांग.’ ताई विचारतात, ‘ऐकू कुणाचं? आणि नानांना काय सांगू? ते काहीच विचारत नाहीत. महिन्याभरापूर्वी आपण होऊन बिडी सोडली, एवढंच.’

उत्तर :

ताई, हे सदर छापून येईपर्यंत तुमची तारीख उलटू नये म्हणून ‘डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टेस्टसाठी केमो पुढे ढकलू नका’ ही एक ओळ तुम्हाला आधीच कळवली होती. आता सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकापुढे बसून गेली. पेशंटचा चेहरा मी क्वचितच पाहिला, त्यांच्या पेशी मात्र हजारोंनी पाहिल्या. त्यामुळे तुमच्या पत्रातलं कुठलं वाक्य कुठून आलं असेल याचा थोडाफार अंदाज मला येतो.

पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारतो. पॅथॉलॉजिस्टने ई-कॅडहेरिनची तपासणी लावलीच कशाला? मूत्राशयाच्या प्रत्येक गाठीला ती लावत नाहीत. रंगकामाच्या प्रत्येक स्लाइडला पैसे पडतात आणि काही शंका असल्याशिवाय कुणी ती मागवत नाही. तुमच्या नानांच्या स्लाइडवर त्या डॉक्टरांना एका जागी पेशी सुट्या सुट्या पडलेल्या दिसल्या असणार, केंद्रक एका बाजूला सरकलेलं. अशा पेशी प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींसारख्या हुबेहूब दिसतात, म्हणून तर नाव प्लाझ्मासायटॉइड. मग मनात तीन शंका येतात. हा मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचाच कॅन्सर, तर नाही? जठरातला किंवा स्तनातला कॅन्सर इथे येऊन बसलाय का? की मूत्राशयाच्या अस्तराचाच हा एक वेगळा अवतार? या तिघांची औषधं अगदी वेगवेगळी.

इथे मी स्वतः एकदा तोंडावर आपटलो आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत अशीच एक स्लाइड आली. मी सीडी १३८ लावून पाहिलं, पॉझिटिव्ह आलं. सीडी १३८ प्लाझ्मा पेशींवर असतं एवढंच डोक्यात होतं, म्हणून ‘प्लाझ्मा पेशींची गाठ असावी’ असं लिहून मोकळा झालो. त्या माणसाच्या हाडातून मगज काढून तपासणी झाली, ती विनाकारण. स्लाइड मुंबईला माझ्या सरांकडे गेली आणि उत्तरात एकच ओळ आली, ‘केराटिन लावलंत का?’ केराटिन हे अस्तराच्या पेशींतलं प्रथिन, प्लाझ्मा पेशींत ते सहसा नसतं. नव्हतं लावलं. मूत्राशयाच्या या प्रकारातही सीडी १३८ पॉझिटिव्ह येतं, हे मी तेव्हा शिकलो. तुमच्या रिपोर्टात गाटा-३ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे पेशी मूत्राशयाच्या अस्तराच्या असाव्यात या बाजूने तो पुरावा आहे. आणि ई-कॅडहेरिन नाहीसं झालंय, म्हणजे प्लाझ्मासायटॉइड या नावाला दुजोरा मिळतो. तुमच्या दिरांनी ज्या ओळीत नानांचं भविष्य वाचलं, ती ओळ त्या डॉक्टरांनी गाठीचं नाव पक्कं करण्यासाठी लिहिली होती.

तुम्ही लॅबमधल्या आहात म्हणून एक आतली गोष्ट सांगतो. कंट्रोल चालवल्याशिवाय तुम्ही शुगरचा रिपोर्ट सोडत नाही ना? इथेही तेच. ‘ई-कॅडहेरिन गेलं’ म्हणायला त्याच स्लाइडवरच्या शेजारच्या निरोगी अस्तराच्या पेशी, किंवा त्याच गाठीचा साधा भाग, नीट तपकिरी रंगलेला असावा लागतो. तसा नसेल तर प्रथिन गेलं की रंगच चढला नाही, हे सांगता येत नाही. तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडायला उशीर झाला तरी रंग फिके पडतात. शिवाय ‘कमी’, ‘तुकड्यातुकड्याने’, ‘पेशीच्या कडेवरून आत सरकलेलं’ आणि ‘पूर्ण गेलेलं’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या रिपोर्टात ‘त्या भागात’ असं नेमकं लिहिलंय, यावरून लिहिणारा माणूस जबाबदार वाटतो.

आता गोंदाकडे येतो. क्योतोचे मासातोशी ताकेइची यांनी ही प्रथिनं शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना कॅडहेरिन हे नाव दिलं. कॅल्शियम असेल तरच ती चिकटतात. गोंद हा शब्द मला तितकासा पटत नाही. पेशीच्या कडेवरून बाहेर आलेला हात शेजारच्या पेशीचा तसाच हात धरतो आणि आतल्या बाजूला तो कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेला असतो, असं म्हटलं तर जास्त जवळ जाईल. शेजार सुटला की पेशीच्या आतलं बरंच काही बिघडतं, कारण तो हात नुसता धरत नव्हता, निरोपही पोचवत होता.

नाना बागायतदार आहेत, त्यांना मणीगळ ठाऊक असेल. घडात देठाला धरलेले मणी एकेक सुटायला लागतात. प्लाझ्मासायटॉइड भागात दिसतं ते साधारण तसं. पण गळलेला मणी बहुधा जमिनीवर पडून सुकतो. शरीरातही तेच होतं. शेजार सुटलेल्या बहुतेक पेशींना मरून जाण्याची सूचना मिळते. ती सूचना धुडकावून जगायला, दुसरीकडे जाऊन रुजायला आणखी बरेच बदल लागतात. म्हणून ‘सुटली’ आणि ‘पसरली’ यांच्यामधलं अंतर मोठं असतं. उलट बाजूही ऐका. ई-कॅडहेरिन शाबूत असलेले कॅन्सरही पसरतात. पेशी हात न सोडता घोळक्याने सरकतात, आणि लांबच्या गाठींत हे प्रथिन पुष्कळदा जसंच्या तसं सापडतं. तेव्हा ‘गोंद आहे म्हणजे वाचलो, गेला म्हणजे संपलं’ हे गणित दोन्हीकडून चुकतं. कॅन्सर पसरलाय की नाही हे स्कॅन सांगतो, ऑपरेशनमध्ये काढलेल्या लसिकाग्रंथी सांगतात. एका तपकिरी रंगाच्या स्लाइडकडून ते वदवून घेऊ नये.

तरीही तुमच्या दिरांच्या बोलण्यात तथ्य आहेच. ते ज्या कारणाने ऑपरेशनला घाबरतात, त्याच कारणाने ते ऑपरेशन जास्त काळजीपूर्वक करावं लागतं. प्लाझ्मासायटॉइड प्रकार गोळा बांधून वाढण्याऐवजी ऊतींच्या पदरांमधून पातळ पसरत जातो. मूत्रवाहिनीच्या कडेने, मूत्राशयाभोवतीच्या चरबीतून, कधी पोटाच्या आतल्या आवरणावर. असा पातळ थर सीटीला दिसेलच असं नाही, त्यामुळे स्कॅनवर वाटतं त्याहून आजार पुढे गेलेला निघण्याची शक्यता या प्रकारात जास्त असते. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण यावरूनच सर्जनला विचारायचे नेमके प्रश्न निघतात. हा प्रकार त्यांना ठाऊक आहे ना? मूत्रवाहिन्यांची कापलेली टोकं ऑपरेशन चालू असतानाच तपासायला पाठवणार का? पोटाच्या आवरणाकडे आधी नजर टाकणार का? चाकू लागल्याने कॅन्सर विखुरतो या समजुतीने ऑपरेशनच टाळलं, तर गाठ मात्र तिच्या गतीने वाढत राहते. निदानापासून मूत्राशय काढण्यापर्यंत तीन महिन्यांहून जास्त वेळ वाया गेला तर नुकसान होतं, हे अनेक ठिकाणच्या नोंदींत दिसलं आहे. आधी केमो देणं हा अर्थात वाया गेलेला वेळ नव्हे.

आता लुमिनल-बेसलची टेस्ट. लुमिनल म्हणजे अस्तराच्या वरच्या थरासारख्या गाठी, बेसल म्हणजे तळच्या थरासारख्या. दिरांनी वाचलेलं खरं आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने स्नायूत शिरलेल्या ४१२ गाठी तपासून त्यांचे पाच आण्विक गट पाडले. प्रत्येक संशोधक-चमूची आपापली नावं आणि मोजमापं होऊन गोंधळ माजला, तेव्हा २०२० मध्ये वेगवेगळ्या देशांच्या संशोधकांनी १७५० गाठींची माहिती एकत्र करून सहा गटांवर एकमत केलं. त्यात बेसल-स्क्वेमस सुमारे ३५ टक्के, तीन लुमिनल गट मिळून ४७ टक्के, आधार-ऊती भरपूर असलेला गट १५ टक्के आणि न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे चेतापेशींसारखे काही गुण दाखवणारा, ३ टक्के.

चिकटवणारी प्रथिनं या गटांत कशी बदलतात, हा मला स्वतःला फार आवडणारा भाग आहे. लुमिनल-पॅपिलरी गाठी निरोगी अस्तराच्या वरच्या थराशी नातं टिकवून असतात. त्यांत ई-कॅडहेरिन बहुधा ठीकठाक असतं आणि नेक्टिन-४ नावाचं दुसरं एक जोडप्रथिन भरपूर. बेसल-स्क्वेमस गाठी त्वचेसारखं वागायला लागतात. त्यांत सीडी ४४ हे पेशीच्या कडेवरचं प्रथिन वाढतं, त्वचेच्या पेशींना एकमेकींशी टाचणारी डेस्मोकोलिन-३ सारखी प्रथिनं दिसतात. म्हणजे तिथे हात सुटलेले नसतात, हात धरण्याची तऱ्हा बदललेली असते. काही गाठींत क्लॉडिन नावाची सांधेबंद प्रथिनंच ओसरतात, म्हणून त्यांना क्लॉडिन-लो म्हणतात. सार्कोमॅटॉइड प्रकारात पेशी अस्तराचा वेशच टाकून देतात, लांबट होतात, आणि ई-कॅडहेरिनही जातं. पण ते पेशीचा सगळा स्वभाव पालटल्यामुळे जातं. प्लाझ्मासायटॉइडमध्ये मात्र बहुधा त्या एका प्रथिनाचा जीनच तुटलेला असतो. २०१६ मधल्या एका अभ्यासात अशा गाठींपैकी ८४ टक्क्यांत सीडीएच-१ हा जीन अर्धवट तुटलेला सापडला. बाकी स्वभाव बराचसा अस्तराचाच राहतो, म्हणून तर नानांच्या पेशींत गाटा-३ अजून आहे. शब्द तोच, ‘ई-कॅडहेरिन नाही’, पण दोन गाठींत त्याचा अर्थ निराळा. इंटरनेटवर तो शब्द टाकून शोधलं की हे सगळे अर्थ एकाच ढिगात येऊन पडतात. दिरांची तिथेच फसगत झाली.

मग टेस्ट करायची का? एक तर दिरांना हवं असलेलं उत्तर तुमच्या हातातल्या कागदावर निम्मं छापलेलं आहे. गाटा-३ पॉझिटिव्ह आणि सीके ५/६ निगेटिव्ह ही जोडी ढोबळमानाने लुमिनल बाजूचीच. दुसरं, एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत दोन गट सापडू शकतात, आणि टेस्टला जातो तो एका कोपऱ्यातला तुकडा. तिसरं म्हणजे, उत्तर काहीही आलं तरी पुढच्या महिन्यात नानांना जे द्यायचं ते बदलेल का, हे दिरांनी विचारलेलंच नाही. आज तरी या गटांवरून नेहमीचे उपचार ठरवत नाहीत. बेसल गाठींना केमोचा जास्त फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसलं, पण तेवढ्यावरून कुणाची केमो रद्द करावी इतका तो पुरावा पक्का नाही. नव्या उपचाराच्या एखाद्या चाचणीत (ट्रायलमध्ये) नाव नोंदवलं असेल, किंवा थांबावं न लागता बाजूने होत असेल, तर करा. तीन आठवडे थांबून मात्र नको.

नानांच्या उपचाराची दिशा ठरते ती दिसायला साध्या गोष्टींवर. गाठ स्नायूत शिरली आहे, ही त्यातली सगळ्यांत मोठी. त्यानंतर मूत्रपिंडं. सिस्प्लॅटिन हे मूत्राशयाच्या केमोतलं मुख्य औषध, आणि ते सोसायला मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता साधारण मिनिटाला ६० मिलिलिटरच्या आसपास लागते. कानाने ऐकू कसं येतं, हातापायांना मुंग्या येतात का, हृदय कसं आहे हेही बघतात. मूत्राशय काढण्याआधी अशी केमो दिल्याने काय साधतं ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं. नुसतं ऑपरेशन झालेल्या गटाचं मध्यम आयुर्मान ४६ महिने, आधी केमो मिळालेल्या गटाचं ७७ महिने. मूत्रपिंडांचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट तुम्ही रोज दहा जणांचा छापत असाल. नानांचा मागचा काढून बघा, आणि गाठीने मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड फुगलंय का ते सीटीच्या रिपोर्टात शोधा. जीन टेस्टपेक्षा हा आकडा आज मोलाचा आहे. घरातल्या कुणाला तो ऐकून धडकी भरत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही इतकंच.

नेक्टिन-४ चा उल्लेख मघाशी ओझरता केला. नेक्टिन हे नाव ‘जोडणे, बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. गोवराचा विषाणू श्वासमार्गाच्या अस्तराच्या पेशींत शिरताना हेच प्रथिन धरतो, हे २०११ मध्ये कळलं. निसर्गात एकाच कडीला किती जण लटकतात बघा! औषध बनवणाऱ्यांनीही तीच कडी धरली. एन्फोर्ट्युमॅब व्हेडोटिन या औषधात नेक्टिन-४ ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या पाठीवर पेशी मारणारं द्रव्य बांधलेलं असतं. अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली. लांब पसरलेल्या आजारात त्याला पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड दिली तेव्हा मध्यम आयुर्मान ३१.५ महिने निघालं, जुन्या केमोवर ते १६.१ महिने होतं. या क्षेत्रात एवढा फरक मी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. नेक्टिन-४ लुमिनल गाठींत जास्त, बेसलमध्ये कमी, सार्कोमॅटॉइड आणि लघुपेशी प्रकारात फारच थोडं, तर प्लाझ्मासायटॉइडमध्ये बऱ्याच वेळा टिकून असतं. म्हणजे ज्या गाठीचा एक हात सुटलाय तिचाच दुसरा हात धरून औषध आत शिरू शकतं. नानांना आज त्याची गरज पडलेली नाही. पण घरात कुणी ‘गोंद गेला, आता काही उरलं नाही’ म्हणालं तर हे सांगा. औषध महाग आहे, आणि अंगावर पुरळ, हातापायांना बधिरपणा, रक्तातली साखर वाढणं हे त्याचे त्रास आहेत. मधुमेह असेल तर हे आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावं.

मुलांबद्दलची भीती. सीडीएच-१ जन्मतःच बिघडलेला असलेली घराणी असतात, त्यांच्यात जठराचा एक विशिष्ट कॅन्सर आणि स्तनाचा लोब्युलर प्रकार दिसतो. दिरांनी वाचलं ते त्याबद्दल. मूत्राशयाच्या प्लाझ्मासायटॉइड गाठींत मात्र हा बिघाड गाठीतच नव्याने झालेला आढळतो, तो मुलांकडे जात नाही. नानांच्या रक्ताच्या नात्यात कुणाला तरुणपणी जठराचा कॅन्सर झाला असेल तर जनुकतज्ज्ञांना विचारा, एरवी पोरांना या भानगडीत ओढू नका. आणि फवारण्या? सासूबाईंना दोष द्यायला काहीतरी हवंय, ते मी समजू शकतो. पण मूत्राशयाच्या कॅन्सरमागे सगळ्यांत पक्का पुरावा तंबाखूच्या धुराचा आहे, जवळपास निम्म्या रुग्णांत तोच कारण धरला जातो. त्याखालोखाल रंग आणि रबराच्या कारखान्यांतली काही रसायनं. हे सासूबाईंना आज ऐकवायची गरज नाही. घरातल्या इतर बिड्या ओढणाऱ्यांना मात्र जरूर ऐकवा. आणि ज्यांच्या घरात अजून असं काही घडलेलं नाही त्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं, की चाळिशीनंतर न दुखता लघवीतून एकदा जरी रक्त गेलं तरी सब्ज्यावर भागवू नका. पुढच्या वेळी लघवी स्वच्छ झाली म्हणून विसरूही नका. दुर्बिणीने आत बघूनच खात्री होते.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, या प्रकारात ते घ्यावंच असं मी म्हणेन. पण मत माणसाचं घ्यायचं, टेस्टचं नव्हे. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (गाठीचा तुकडा बसवलेला ठोकळा) लॅबकडून मागा, तो पेशंटचा हक्क आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड पुन्हा वाचून देतात. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने एकाने जाऊन देऊन यावं, नानांना त्यासाठी दगदग नको. ब्लॉक मेणाचा असतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो विसरलात तर रिपोर्टाऐवजी मेणबत्ती हाती येईल! केमोची तारीख आणि हे पुनर्वाचन दोन्ही शेजारी शेजारी चालू शकतं, तसं डॉक्टरांशी बोलून घ्या. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन आधीच चौकशी करा, बिल झाल्यावर नव्हे.

राहिली ‘पिशवी’. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘सासूबाई म्हणतात पिशवी काढायची असते ती बायकांची, यांची कुठली?’ मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपल्याकडे गर्भाशय पिशवी, मूत्राशय लघवीची पिशवी, आणि ते काढल्यावर पोटावर लावायची तीही पिशवीच. तीन पिशव्यांच्या घोळात माणसं ऑपरेशनला होकार किंवा नकार देऊन बसतात. कागदावर चित्र काढून दाखवा. मूत्राशय काढल्यावर आतड्याचा छोटा तुकडा घेऊन लघवीला पोटावर वाट करून देतात आणि तिथे बाहेरून पिशवी लावतात. काही जणांना आतड्याचंच नवं मूत्राशय शिवून देता येतं. मूत्राशय ठेवून केमो आणि किरणोपचार हाही एक मार्ग आहे. नानांच्या प्रकारात तो कितपत बसतो हे डॉक्टरांना सरळ विचारा, विचारण्यात संकोच नको.

पण हे सगळं कोणाशी बोलायचं? तुम्ही विचारता, नानांना काय सांगू. तुम्ही धरून चालला आहात की त्यांना ठाऊक नाही. ताई, चाळीस वर्षांची बिडी ज्या माणसाने कुणी न सांगता सोडली त्याला ठाऊक नाही? तुमचं सात पानांचं पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात तीच ओळ राहिली. नाना विचारत नाहीत, कारण घरातलं कुणी सांगणार नाही हे त्यांनी ओळखलंय. तेही तुम्हालाच जपताहेत. केमोची पहिली सलाईन लागली की शेजारच्या खाटेवरचा माणूस त्यांना पाच मिनिटांत सगळं सांगेल, त्याच्या पद्धतीने. संमतीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार आहे.

सासूबाईंना आधी तयार करा, त्यांच्या पाठीमागे करू नका. मग नानांपाशी बसा. तुम्ही, तुमचे यजमान, आणि हवं तर दीरही. वाक्यं लहान ठेवा. गाठ कॅन्सरची आहे, स्नायूपर्यंत गेली आहे, लांब पसरलेली दिसत नाही, औषध आहे आणि मोठं ऑपरेशन आहे. एवढं बोलून गप्प बसा, फार वेळ गेला तरी. ई-कॅडहेरिनचं नाव काढायची गरज नाही. त्यांनी विचारलंच तर मणीगळीचं सांगा, ते तुमच्या-माझ्याहून लवकर समजतील. ते बहुधा आयुष्य किती हे विचारणार नाहीत. ऑक्टोबरच्या छाटणीला उभा राहीन का, हे विचारतील. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. ‘मला माहीत नाही, आपण डॉक्टरांना विचारू’ हे लॅबमध्ये काम करणाऱ्या सुनेने म्हटलं तरी चालतं. घरच्यांनी तुमच्यावर टाकलेलं ओझं तिथेच निम्मं उतरेल.

पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर नानांना बसवा. तुम्ही मागे वही घेऊन बसा. मुंबईला कुणी जाणार असेल तर ब्लॉक देताना त्यावरचा नंबर लिहून घ्या, पोचपावती घ्या आणि काम झाल्यावर ब्लॉक परत मागा. पुढे नेक्टिन-४ बघायची वेळ आलीच तर तोच तुकडा लागेल.